बोकोल्टहून पुण्याला : महागुरुस्वामी हेन्री डोरिंग



आपल्या बारामती-इंदापूर भागातही आता जर्मन शिकण्याची बोलणी ऐकू येतात. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जास्तच. नर्सिंग केलेल्यांना साधारण बी-टू पातळीपर्यंत भाषा यावी लागते. लेक इतक्या लांब गेल्यावर तिचा नाताळ कसा होईल, ही आईची काळजी आम्ही समजू शकतो. म्हणून या आगमनकाळात उलट्या वाटेने आलेल्या एका माणसाची आठवण करू या.

हाइनरिश, म्हणजे आपले हेन्री डोरिंग, 1859 साली जर्मनीत हॉलंडच्या सीमेजवळील बोकोल्ट येथे जन्मले. तिकडे 5 डिसेंबरच्या रात्री मुले बूट किंवा ताटली मांडून झोपतात आणि सकाळी संत निकोलसच्या नावाने त्यात सफरचंद, अक्रोड, बिस्किटे सापडतात. नाताळच्या भेटी 24 तारखेच्या संध्याकाळीच उघडल्या जातात. आपल्या मुलांना हे फार आवडेल! आगमनकाळात चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे लावतात, तेही जर्मनीचेच. 1839 साली हॅम्बुर्गच्या एका प्रॉटेस्टंट पाळकाने अनाथ मुलांसाठी ते सुरू केले. कॅथोलिक चर्चमध्ये ते 1925 साली, कोलोन शहरात आले. तोवर डोरिंग जपानात पोहोचले होते.

ते बारा वर्षांचे असताना, 1872 साली, जर्मन सरकारने येशूसंघावर बंदी घातली. येशूसंघीय व्हायचे तर देश सोडणे आलेच. तरी त्यांनी तीच वाट धरली आणि ते आपल्या मिशनात आले. जर्मन येशूसंघीय तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात केंदळ, वळण, संगमनेर अशा गावांत काम करत होते. तिथे मराठीवाचून कोणाचे पान हलत नसे. आज आपली मुले जर्मन व्याकरणाशी झगडतात. त्या फादरांना आपले ‘ळ’ आणि ‘ण’ छळत असतील!

पुणे धर्मप्रांताचे पहिले महागुरुस्वामी बायडरलिंडन 1907 साली वारले आणि त्याच वर्षी डोरिंग यांची नेमणूक झाली. पुढे पहिले महायुद्ध आले. इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना शत्रू ठरवून नजरकैदेत टाकले, मायदेशी धाडले. गावोगावची मिशने पोरकी झाली. 1921 साली डोरिंग यांना जपानमध्ये हिरोशिमाला पाठवण्यात आले. वय एकसष्ट, पुन्हा नवा देश, नवे लोक.

1927 साली ते पुण्याला परतले आणि 1948 पर्यंत त्यांनी धर्मप्रांत सांभाळला. 1945 च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्यामागून 1949 साली अँड्र्यू डिसोझा हे पुण्याचे पहिले भारतीय महागुरुस्वामी झाले. डोरिंग यांनी डिसेंबर 1951 मध्ये, आगमनकाळातच, ब्याण्णवाव्या वर्षी देह ठेवला.