रविवारची सुट्टी आणि रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

दरवर्षी १० जून आला की व्हॉट्सअॅपवर एक पोस्ट फिरते. भारताला रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली? उत्तर येतं, नारायण मेघाजी लोखंडे.

यात थोडी गडबड आहे. सरकारी कचेऱ्या रविवारी आधीपासूनच बंद असायच्या, साहेबाला चर्चला जायचं असायचं. सुट्टी नव्हती ती मुंबईच्या गिरणी कामगाराला. लोखंड्यांनी मिळवली ती त्याच्यासाठी. आणि ती कशी मिळाली हे पाहिलं की मोर्चे-संप करून काही होतं का, या आजच्या वादातही जरा हवा खेळते.

लोखंड्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. रेल्वे आणि पोस्टात नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे ते स्वतः साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते, पण साच्यावरच्या माणसाचं काय होतं ते रोज डोळ्यांसमोर होतं. दिवस उजाडला की गिरणी सुरू, अंधार पडला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेरा-चौदा तासांवर जायचं. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. रविवारी गिरणी बंद ठेवली तरी मशीन पुसायला बोलावणं यायचंच.

१८८१ मध्ये सरकारनं फॅक्टरी कायदा केला. पण तो होता मुलांसाठी. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही, बाराच्या आतल्याला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. बायका आणि पुरुष कायद्याच्या बाहेरच राहिले.

लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेलं 'दीनबंधु' बंद पडलं, ते लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईतून पुन्हा सुरू केलं. गिरणीतलं रडगाणं छापायला आता हक्काची जागा झाली.

१८८४ मध्ये मुंबई सरकारनं कायदा सुधारायचा का, हे बघायला कमिशन नेमलं. लोखंड्यांनी संधी साधली. सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. बाँबे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली ती याच वेळी. मागण्या अगदी साध्या होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी जेवायला अर्धा तास. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. झालेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला मदत.

लगेच काय झालं? काहीच नाही. सहा वर्षं अर्ज, सभा, 'दीनबंधु'तले लेख, हेच चालू राहिलं.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन बायकांनी उभं राहून भाषण केलं. १८९० मध्ये, गिरणीतल्या बायकांनी! पुन्हा अर्ज गेला आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. घाटावरून आलेल्या कामगाराच्या दृष्टीनं वारही बरा होता. रविवार म्हणजे खंडोबाचा.

आता खरी मेख. मालक नुसत्या सभेला घाबरले का? तसं नाही. तिकडे लँकेशायरच्या कापड गिरण्यावाल्यांना मुंबईचं स्वस्त कापड डोळ्यात खुपत होतं. मुंबईच्या गिरण्यांना कायद्याचा चाप लावा, म्हणून ते पार्लमेंटच्या मागे लागले होते. त्यांना कामगाराचा कळवळा नव्हता, धंद्याची काळजी होती. त्यामुळे आपल्याकडची बरीच राष्ट्रवादी वर्तमानपत्रं फॅक्टरी कायद्याच्या विरोधात होती. लोखंडे मात्र कायदा हवा म्हणाले. मँचेस्टरवाल्याचा हेतू काही का असेना, कामगाराच्या पदरात पडेल ते घ्यायचं, हा त्यांचा हिशेब. कायदा येणारच, हे मालकांनाही दिसत होतं.

लोखंड्यांची असोसिएशन आजच्या अर्थानं युनियनही नव्हती. सभासदांची यादी नाही, फंड नाही, नियमावली नाही. उलट १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. मुंबईनं एवढा मोठा संप पाहिला नव्हता. तरी हाताला काही लागलं नाही. तोवर कापड पॉवरलूमवर निघत होतं, बऱ्याच मालकांना गिरणी बंद राहण्याची भीतीच उरली नव्हती. माणसं किती जमली, याच्याइतकंच समोरच्याचं काय अडतंय यालाही वजन असतं.

लोखंडे गिरणीपुरते थांबले नाहीत. विधवांचं केशवपन करायचं नाही, असं मुंबईतल्या नाभिकांना पटवून त्यांनी बहिष्कार घडवला. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर समेटासाठी राबले आणि रावबहादूर झाले. १८९० च्या फॅक्टरी कमिशनवर कामगारांच्या बाजूनं बसायलाही सरकारनं त्यांनाच बोलावलं.

१८९१ चा कायदा आला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती त्यात लिहिली गेली. बायकांचं काम अकरा तासांवर आलं, मुलांचं किमान वय नऊ झालं.

९ फेब्रुवारी १८९७ ला मुंबईच्या प्लेगनं लोखंड्यांना नेलं. पन्नाशीही गाठली नव्हती. गिरणीतल्या पुरुष कामगाराच्या तासांना कायद्यानं मर्यादा घातली ती १९११ मध्ये. तीही बारा तासांची.