फ्लोरेन्स नाइटिंगेल

फ्लोरेन्स नाइटिंगेल (१२ मे १८२० – १३ ऑगस्ट १९१०) या आधुनिक परिचर्याशास्त्राच्या प्रवर्तक, रुग्णालय-सुधारक आणि संख्याशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इंग्लिश विदुषी होत. क्रिमियन युद्धात रात्री हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणारी स्त्री, ही त्यांची प्रतिमा जगभर रूढ झाली. मात्र रणभूमीवरील त्यांची सेवा जेमतेम पावणेदोन वर्षांची होती. त्यानंतरची सुमारे चार दशके, बराचसा काळ आजारपणामुळे घराबाहेर न पडता, त्यांनी एका प्रश्नाचा पाठपुरावा केला : रुग्णालयात माणसे नेमकी कशाने मरतात? शुश्रूषा ही केवळ दयाबुद्धीची बाब न राहता निरीक्षण, नोंद आणि पडताळा यांवर उभे राहिलेले शास्त्र बनली, याचे मोठे श्रेय या पाठपुराव्याला जाते.

जन्म आणि शिक्षण

त्यांचा जन्म इटलीतील फ्लोरेन्स येथे झाला व त्या शहरावरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील विल्यम एडवर्ड नाइटिंगेल हे श्रीमंत जमीनदार होते. आईचे नाव फ्रान्सिस. थोरली बहीण पार्थेनोपी. डर्बीशायरमधील ली हर्स्ट आणि हँपशायरमधील एंब्ली पार्क या दोन घरांत त्यांचे बालपण गेले. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकवले. फ्लोरेन्स यांचा ओढा गणिताकडे होता आणि त्या काळच्या प्रतिष्ठित कुटुंबात मुलीने गणित शिकणे फारसे कौतुकाचे मानले जात नसे.

१८३७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी त्यांची धारणा झाली. परिचारिकेचे काम तेव्हा अशिक्षित व व्यसनी बायकांचे समजले जाई. त्यामुळे घरच्यांनी कडाडून विरोध केला. हा संघर्ष अनेक वर्षे चालला. कवी व संसद-सदस्य रिचर्ड मॉन्कटन मिल्न्स यांची विवाहाची मागणी त्यांनी नाकारली. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे पास्टर थिओडोर फ्लीडनर यांच्या संस्थेत त्यांनी सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनमधील आजारी स्त्रियांच्या एका संस्थेच्या अधीक्षकपदी त्यांची नेमणूक झाली.

स्कुटारी

क्रिमियन युद्धातील जखमींच्या हालअपेष्टांची वृत्ते इंग्लंडमध्ये प्रसिद्ध होताच मोठा गहजब उडाला. युद्धखात्याचे सचिव सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानातील स्कुटारीच्या बराकीत पोहोचल्या. तेथे पुरेशी अंथरुणे, कपडे, भांडी, साबण यांपैकी काहीच नव्हते. त्यांनी स्वयंपाकघर व धुलाईघर चालू केले, जमा झालेल्या निधीतून सामान विकत घेतले आणि लष्करी वैद्यांचा रोष पत्करून कामाला शिस्त लावली.

तरीही मृत्यू थांबले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचारासाठी आणलेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ४२ दगावत होते. मार्चमध्ये डॉ. जॉन सदरलंड व अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांचा स्वच्छता आयोग तेथे आला. बराकीखालची तुंबलेली गटारे त्याने साफ करवली, मेलेली जनावरे पुरली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. उन्हाळ्यापर्यंत मृत्युदर शंभरी दोन-तीनवर आला. ही घट केवळ नाइटिंगेल यांच्या सेवेमुळे झाली असे पुष्कळ लोकप्रिय चरित्रांत आढळते, पण ते खरे नाही. सेवा होती, भांडार होते, स्वयंपाकघर होते. आणि तरी त्या हिवाळ्यात माणसे मरत राहिली.

स्कुटारीतील मृत्यूंच्या नोंदी तीन वेगवेगळ्या दप्तरांत ठेवल्या जात आणि त्यांतील बेरजा परस्परांशी जुळत नसत. किती माणसे मेली हेच जेथे निश्चित नव्हते, तेथे ती का मेली हे कोण सांगणार? नाइटिंगेल यांच्या पुढील कार्याचे बीज या गोंधळात आहे.

आकडे आणि आकृत्या

ऑगस्ट १८५६ मध्ये त्या गाजावाजा टाळून इंग्लंडला परतल्या. क्रिमियात जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची खालावली होती. सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया राणीची भेट घेऊन त्यांनी लष्करी आरोग्याच्या चौकशीचा आग्रह धरला व १८५७ मध्ये शाही आयोग नेमला गेला. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी युद्धातील मृत्यूंची छाननी केली. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक मेले होते. शांततेच्या काळात इंग्लंडमधील बराकींत राहणारे तरुण सैनिकही त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते.

आकड्यांचे तक्ते मंत्री वाचणार नाहीत हे ओळखून त्यांनी १८५८ मध्ये वर्तुळाकृती आलेख प्रसिद्ध केला. त्यात वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा पाकळ्या असून पाकळीचे क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात आहे. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्याचा विस्तार पाहताच मुद्दा ध्यानात येतो. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, ही त्यांची योजना १८६० च्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे मांडण्यात आली.

नोट्स ऑन नर्सिंग

१८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेले हे छोटे पुस्तक मुख्यतः घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. शुद्ध हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, आहार यांबरोबरच रुग्णाच्या मनःस्वास्थ्याचा विचार त्यात आहे. दाराशी चाललेली कुजबुज, अनावश्यक आवाज, पाहुण्यांचा पोकळ धीर व फुकटचे सल्ले रुग्णाला शिणवतात. फुले, रंग, खिडकीबाहेरचे दृश्य त्याला बळ देते, असे त्या बजावतात. (भेटीला येणाऱ्यांविषयीचे प्रकरण आजही कोणत्याही रुग्णालयाच्या दारावर लावावे असे आहे.) निरीक्षणावरील प्रकरण सर्वांत मोलाचे होय. रात्र बरी गेली का, असे मोघम न विचारता रुग्ण किती तास व केव्हा झोपला हे विचारावे, असा त्यांचा कटाक्ष होता.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात, जनतेने त्यांच्या सन्मानार्थ जमवलेल्या निधीतून, परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले.

प्रसूतिगृहातील मृत्यू

त्यांच्याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींच्या प्रशिक्षणासाठी प्रसूती-कक्ष चालवला जात होता. तेथे प्रसूतिज्वराने माता दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद करण्यात आला. नाइटिंगेल यांनी त्यानंतर ठिकठिकाणचे आकडे जमवले व १८७१ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. इंग्लंडमध्ये एकंदर दर हजार प्रसूतींमागे सुमारे पाच माता दगावत. मोठ्या प्रसूतिगृहांत हे प्रमाण कितीतरी पट होते. गरीब स्त्रीला घरापेक्षा रुग्णालयात अधिक धोका आहे, असा हा निष्कर्ष होता. स्वतःच्या निधीतून चाललेल्या कक्षातील मृत्यूही या हिशेबातून वगळलेले नाहीत. त्यांच्या इतर गाजलेल्या ग्रंथांच्या मानाने हे पुस्तक उपेक्षित राहिले.

हिंदुस्थान

नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. येथील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यासाठी १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासाठी त्यांनी छावण्याछावण्यांकडे प्रश्नावल्या पाठवून माहिती मिळवली. गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ होता. दूषित पाणी, सांडपाण्याची अव्यवस्था व दाटीवाटीच्या बराकी ही कारणे १८६३ च्या अहवालात पुढे आली. छावणीचे आरोग्य भोवतालच्या गावांपासून वेगळे काढता येत नाही हे उमगल्यावर त्यांचे लक्ष रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी कर्ज यांवर त्यांनी लिहिले. ग्रामस्वच्छतेसंबंधी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ च्या इंग्रजी चरित्राला त्यांची प्रस्तावना आहे.

मतभेद

रोग घाणीतून व कोंदट हवेतून उद्भवतात असे त्या दीर्घकाळ मानत. जंतुसिद्धान्त त्यांनी उशिरा स्वीकारला. परिचारिकांची शासकीय नोंदणी व्हावी या एथेल बेडफर्ड फेनविक यांच्या मोहिमेला त्यांनी विरोध केला. परीक्षेने चारित्र्य मोजता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. नोंदणीचा कायदा इंग्लंडमध्ये त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये झाला.

अखेरचा काळ

शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा प्रस्ताव नातलगांनी नाकारला व हँपशायरमधील ईस्ट वेलो येथे त्यांना कुटुंबाच्या दफनभूमीत पुरण्यात आले. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. भारत सरकार १९७३ पासून त्यांच्या नावे परिचारिकांना राष्ट्रीय पुरस्कार देते. सेंट थॉमसमधील त्यांचे विद्यालय आज लंडनच्या किंग्ज कॉलेजचा भाग आहे.