प्रवाहाला दिशा देणारे आंद्रे-मारी अँपिअर

समता कॉलनीतील घराघरांत विजेच्या बोर्डावर, प्लगच्या छिद्रांजवळ, ६ किंवा १६ अँपिअर अशी खूण असते. हे नाव एका फ्रेंच शिक्षकाचे आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी येते.

आंद्रे-मारी अँपिअर यांचा जन्म २० जानेवारी १७७५ रोजी लिऑन येथे झाला. शाळेची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधी चढले नाहीत. वडिलांचा ग्रंथसंग्रह हीच त्यांची शाळा होती. १७९३ साली राज्यक्रांतीच्या धुमाळीत त्याच वडिलांचा शिरच्छेद झाला आणि अठरा वर्षांच्या या मुलाचे अध्ययन कित्येक महिने थांबले. पुढे संसार मांडला, पण पत्नी आजारी पडली. चरितार्थासाठी अँपिअर दूर बूर्ग येथे अध्यापन करीत राहिले. १८०३ मध्ये पत्नीही निवर्तली. लहानग्या मुलासह उरलेल्या या माणसाने नंतर पॅरिसमध्ये गणिताचा आश्रय घेतला.

विजेकडे ते वळले वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची विचलित होते, हा डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांचा शोध. ११ सप्टेंबर १८२० रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत तो प्रयोग दाखविण्यात आला आणि १८ तारखेला अँपिअर आपले पहिले निष्कर्ष घेऊन तेथे उभे राहिले.

घटाला जोडलेल्या तारेची टोके अदलाबदल केली की सूची उलट बाजूस वळे. म्हणजे प्रवाहाला दिशा होती; पण ती सांगायची कशी? तारेत धन वीज एकीकडे आणि ऋण वीज दुसरीकडे जाते, अशी तत्कालीन समजूत होती. प्रत्यक्ष काय वाहते, हे पाहण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. अँपिअर यांनी सरळ संकेत ठरविला: धन विजेची दिशा तीच प्रवाहाची दिशा. घटाबाहेरील तारेत प्रवाह धन अग्राकडून ऋण अग्राकडे जाणार. खुद्द घटावर सूची धरून, प्रवाह घटाच्या आतूनही वाहतो व फेरा पूर्ण करतो, हेही त्यांनी दाखविले. विद्यार्थी नेमके येथेच अडखळतात: घटाच्या आत तोच प्रवाह ऋण अग्राकडून धन अग्राकडे जातो.

दिशेला नाव मिळताच नियम मांडता आला. प्रवाहाच्या दिशेने पोहणारा, सूचीकडे तोंड केलेला माणूस तारेत कल्पावा. सूचीचे उत्तर टोक त्याच्या डाव्या हाताकडे वळते. तसेच, एकाच दिशेच्या प्रवाहांच्या समांतर तारा परस्परांना ओढतात, विरुद्ध दिशेच्या दूर लोटतात.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन ओळखला. तो ऋणभारित असल्याने तारेत बाणाच्या उलट सरकतो, हे पुढे स्पष्ट झाले. तरीही अँपिअर यांचे एकही सूत्र कोसळले नाही. त्यांनी कणाचा शोध लावल्याचा दावा केलाच नव्हता. संकेत तेवढा ठरविला होता.

शिक्षणखात्याचे महानिरीक्षक म्हणून शाळा-महाविद्यालये तपासण्याच्या दौऱ्यावर असतानाच १० जून १८३६ रोजी मार्सेय येथे त्यांचे निधन झाले. १८८१ च्या पॅरिस परिषदेत प्रवाहाच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले.

गंमत अशी, की घरच्या बोर्डातील प्रवाहाला एक दिशा नसतेच. ती सेकंदाला १०० वेळा पालटते. अँपिअर यांचा बाण पाहायचा असेल, तर टॉर्चचा सेल, छोटा बल्ब, तार आणि चुंबकसूची पुरे.