इंग्रजांनी ज्यांना माफी, जमीन आणि पगार दिला, त्याच उमाजी नाईकांना फाशी का दिली?

३ फेब्रुवारी १८३२. पुण्यात खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत उमाजी नाईकांना फाशी देण्यात आली. हा इतिहास बऱ्याच जणांना माहितीये. पण त्याच्या काही वर्षं आधी याच सरकारने उमाजींशी तडजोड केली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

उमाजींचा जन्म १७९१ चा, पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचा. रामोशी समाजाकडे पिढ्यान् पिढ्या किल्ल्यांची राखण होती आणि त्या बदल्यात वतनं होती. आधी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुरंदरची राखण गेली. मग १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली. कंपनी सरकारला किल्ल्यांवर शिबंदी नको होती, त्यामुळे हजारो हात रिकामे झाले. त्यात दुष्काळाची वर्षं आली.

उमाजी एकदा तुरुंगात गेले, तिथे लिहायला-वाचायला शिकले. बाहेर आल्यावर त्यांनी माणसं जमवली आणि पुरंदर-सासवडच्या डोंगरातून सरकारी खजिने आणि सावकारांवर धाडी सुरू केल्या.

सरकारने बक्षिसं लावली, ती वाढवत नेली, फौज पाठवली. उमाजींच्या बायकामुलांनाही पकडलं. तरी गावोगावचे लोक पत्ता सांगेनात. उमाजींची मागणी सरळ होती: रामोशांचे जुने हक्क परत द्या.

शेवटी १८२८ च्या सुमारास सरकार नमलं. गुन्हे माफ झाले, जमीन मिळाली, पगार सुरू झाला. कामही मिळालं, तेही कसलं, तर त्याच डोंगराळ मुलखात शांतता राखायचं! कालपर्यंत ज्यांना धरायला फौज फिरत होती, ते आता सरकारचेच राखणदार.

आजही सशस्त्र गटांशी युद्धबंदी करताना पेच हाच असतो. नागालँडमध्ये १९९७ पासून युद्धबंदी आहे, पण गटाने वसुली करायची का, माणसं आणि हत्यारं ठेवायची का, यावर खटके उडतच राहिले. उमाजींच्या बाबतीतही तेच झालं. सरकारच्या लेखी ते नोकर होते. त्यांच्या स्वतःच्या लेखी ते नाईक होते, आणि नाईक म्हणजे हक्काची वसुली आलीच. संशय वाढत गेला आणि तडजोड मोडली.

१८३१ च्या फेब्रुवारीत उमाजींनी जाहीरनामा काढला. इंग्रजांची चाकरी सोडा, सारा भरू नका, असं त्यात होतं. आता प्रश्न वतनाचा उरला नव्हता, थेट राज्याचाच होता.

मग सरकारने बोलणी केली नाहीत. १० हजार रुपये आणि ४०० बिघे जमीन असं बक्षीस लावलं. इतक्या मोठ्या रकमेपुढे फितुरी झाली आणि डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळ उत्रोळीला उमाजी सापडले.

त्यांना पकडण्याच्या मोहिमेतला कॅप्टन मॅकिंटॉश नंतर कैदेतल्या उमाजींशी बोलत बसायचा. १८३३ मध्ये त्याने रामोशांवर अख्खं पुस्तक छापलं. उमाजींबद्दल आज जे तपशील मिळतात, त्यातले बरेचसे या पाठलाग करणाऱ्याच्याच लेखणीतून आलेले आहेत.