लेउवार्डनची शिक्षिका एलिझाबेथ

देवाचे वचन शिकविण्याचे काम स्त्रियांनी कोठवर करावे, ह्याविषयी खेडोपाडीच्या मंडळ्यांत पुष्कळ वाद होतो. ह्या प्रसंगी मेनोनाइट बंधुभगिनींत प्रसिद्ध असलेल्या एलिझाबेथ दिर्क्स ह्या रक्तसाक्षिणीचे चरित्र आम्ही वाचकांस सादर करतो.

ती हॉलंडातील फ्रीसलंड प्रांताची. परंपरा अशी सांगते की, ती लहानपणी मठात वाढली, तेथे लातिन शिकली, आणि पुढे एका गवळणीची वस्त्रे नेसून तेथून निसटली. विश्वासाने व समजून बाप्तिस्मा घेणाऱ्यांस त्या काळी देहान्त शासन होते. त्यांचा पुढारी मेनो सायमन्स ह्यास धरून देणाऱ्यास 1542 साली बादशहाने शंभर गिल्डर बक्षीस लाविले होते.

ता. 15 जानेवारी 1549 रोजी शिपायांनी एलिझाबेथेचे घर गाठले. तेथे लातिन नवा करार सापडला. तेव्हा ही मेनोची बायकोच असावी असे त्यांस वाटले; पण ती शिकविणारी आहे एवढे त्यांनी बरोबर ओळखिले. मंडळीने जे नाव स्त्रीस देण्यास फार काळ अनमान केले, ते शत्रूंनी तिजला त्याच दिवशी दिले, हे आम्हांस मोठे नवल वाटते!

न्यायसभेपुढे तिने शपथ वाहिली नाही, कारण प्रभूने पर्वतावरील प्रवचनात ती मना केली आहे. तिने कोणाकोणास शिकविले व तिचा बाप्तिस्मा कोणी केला, हे अधिकाऱ्यांस हवे होते. स्वतःच्या विश्वासाविषयी जे विचारिले त्याचे तिने मोकळेपणी उत्तर दिले. माणसांविषयी मात्र एक अक्षर नाही. एक नाव सुटले असते तर एक घर बुडाले असते. मग मांगाने तिच्या अंगठ्यांस व बोटांस स्क्रू आवळिले, तो नखांतून रक्त उडाले. तिने प्रभूचा धावा केला. पुढे पायांस स्क्रू लाविण्याची वेळ आली तेव्हा आपली विटंबना होऊ नये एवढेच तिने मागितले. ती मूर्च्छित पडली, ती मेली असे सर्वांस वाटले; पण शुद्धीवर आल्यावरही तिने आपला शब्द फिरविला नाही. ता. 27 मार्च रोजी तिला पोत्यात घालून बुडविण्यात आले.

रक्तसाक्ष्यांच्या 1660 सालच्या मोठ्या डच ग्रंथात तिची साक्ष छापिली आहे. तिच्या पश्चात हॉलंडातील मंडळ्यांनी 1632 च्या दोर्द्रेख्त येथील विश्वासपत्रात वृद्ध विधवांस सेविकापद दिले; उपदेशाचे पद दिले नाही. ते मिळावयास 1911 साल उजाडले. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फियात ॲन ॲलेबाक ह्या बाईंस दीक्षा मिळाली, व नोव्हेंबरात ॲन झेर्निके बाई पाळक झाल्या. झेर्निके बाईंची मंडळी फ्रीसलंडातच, बोव्हनक्नाइपे गावी होती.