आघाडीवरून आलेले गणित

११ मे १९१६ रोजी पॉट्सडॅम येथे कार्ल श्वार्झशिल्ड हे जर्मन ज्योतिर्विद निवर्तले, तेव्हा त्यांच्या वयाची ४३ वर्षेही पुरी झाली नव्हती. व्हर्दूनची लढाई त्या वेळी चालू होती. रोज शेकडो तरुण मातीस मिळत होते. त्या गर्दीत एका गणितज्ञाची मोजदाद कोणी ठेवावी? कृष्णविवरांचा विषय आज शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो, म्हणून या अल्पायुषी पुरुषाचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

श्वार्झशिल्ड यांचा जन्म १८७३ साली फ्रँकफुर्ट येथील एका ज्यू कुटुंबात झाला. सोळा वर्षांचे असतानाच जोडताऱ्यांच्या कक्षांवरील त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. म्युनिक येथे पदवी, व्हिएन्नास छायाचित्रांवरून ताऱ्यांचे तेज मोजण्याचा उद्योग, १९०१ पासून ग्यॉटिंगेनच्या वेधशाळेचे संचालकपद आणि १९०९ साली पॉट्सडॅमच्या वेधशाळेची सूत्रे, अशी त्यांची वाटचाल झाली. दुर्बिणीवरचा हात आणि गणिताचे डोके एकाच माणसास लाभणे विरळा. यांस ते लाभले होते. आइन्स्टाइन हे नाव जगास ठाऊकही नव्हते तेव्हा, १९०० साली, अवकाश वक्र असल्यास ती वक्रता किती असू शकेल याचा अंदाज त्यांनी बांधला होता.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि चाळिशी गाठलेले हे संचालक आपण होऊन सैन्यात दाखल झाले. बेल्जियममधील हवामानकेंद्र, मग तोफगोळ्यांच्या मार्गांची आकडेमोड, पुढे रशियाची आघाडी. इंग्लंडने आपला मोझ्ली १९१५ साली गॅलिपोलीस गमावला, जर्मनीने हा पुरुष आघाडीवर धाडला. बुद्धीची ही उधळपट्टी दोन्ही पक्षांनी सारख्याच बेफिकिरीने केली, असे आमचे मत आहे.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे व्यापक सापेक्षतेची समीकरणे मांडली. ती इतकी बिकट होती की बुधाच्या कक्षेचा प्रश्न सोडविताना खुद्द त्यांनी अजमासी रीतीवर भागविले. महिनाभराने, २२ डिसेंबर रोजी, श्वार्झशिल्ड यांनी आघाडीवरून पत्र धाडले; त्यात अचूक उत्तर होते. १३ जानेवारी १९१६ रोजी आइन्स्टाइन यांनीच ते अकादमीपुढे ठेवले. सूर्याएवढे वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबले, तर तेथून प्रकाशही सुटू शकत नाही. ही त्रिज्या आज श्वार्झशिल्ड यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचा खरा अर्थ उलगडण्यास मात्र पुढे कित्येक दशके लागली. १९३९ साली आइन्स्टाइन स्वतःच अशी वस्तू संभवत नाही असे प्रतिपादन करीत होते!

त्या निबंधातील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. न्यूटनच्या नियमाप्रमाणे कक्षा लहान होत गेली की सेकंदास होणाऱ्या प्रदक्षिणा अमर्याद वाढतात. श्वार्झशिल्ड यांनी दाखविले की त्यास सीमा आहे, आणि सूर्याएवढ्या वस्तुमानाभोवती ती सेकंदास सुमारे १०,००० प्रदक्षिणांची आहे. या आकड्याचा उपयोग झालाच तर रेणूंच्या विचारात होईल, अशी त्यांची अटकळ होती. तो उपयोगी पडला आकाशात. कृष्णविवर वा न्यूट्रॉन तारा सोबत्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू चकतीच्या रूपाने घिरट्या घालीत तापतो आणि क्ष-किरण फेकतो. या क्ष-किरणांचे तेज जवळजवळ ठराविक लयीत हेलकावे खाते. १९९५ अखेरीस सोडलेल्या अमेरिकेच्या रॉसी उपग्रहाने न्यूट्रॉन ताऱ्यांपाशी सेकंदास हजाराच्या आसपास, तर जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवरापाशी ६७ हेलकावे टिपले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडविलेली उपकरणे घेऊन २०१५ साली गेलेल्या ॲस्ट्रोसॅटनेही ही ६७ची लय पाहिली. चकतीच डुगडुगते, की तिच्या आतल्या कडेस वायूचे पुंजके फिरतात, यावर एकमत नाही. पण कोणतीही उपपत्ती मांडावयाची, तर कृष्णविवराजवळ वायू किती वेगाने फिरू शकतो हे आधी पाहावे लागते, आणि तो हिशेब या पत्रापासून सुरू होतो.

आघाडीवर त्यांस त्वचेच्या दुर्धर व्याधीने गाठले. तशा अवस्थेत त्यांनी सापेक्षतेवर दुसरा निबंध पुरा केला, पुंजवादावरही एक लिहिला, आणि मार्च १९१६ मध्ये ते घरी परतले. पुढे नाझी राजवटीत त्यांचे पुत्र मार्टिन यांस जर्मनी सोडावी लागली. अमेरिकेत ते ताऱ्यांच्या अंतरंगाचे थोर अभ्यासक झाले. तोफगोळ्यांवर वारा व हवेची घनता यांचा काय परिणाम होतो, हा श्वार्झशिल्ड यांचा १९१५चा निबंध मात्र त्या वेळी प्रसिद्ध होऊ दिला गेला नाही. तो १९२० साली छापला गेला.