विश्लेषण : मधू दंडवते यांच्यामुळे कोकणचा प्रवास कसा बदलला?

गणेशोत्सवासाठी मालवणला निघालेला चाकरमानी आज मोबाइलवर तिकीट काढतो. रेल्वे आरक्षणात संगणक आणण्यासाठी सुरुवातीच्या काळात पुढाकार घेणारे मंत्री याच किनाऱ्याचे खासदार होते.

दंडवते कोण होते?

२१ जानेवारी १९२४ रोजी नगरमध्ये जन्मलेले दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. गोवा मुक्ती सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. बॅ. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ मध्ये ते राजापूरमधून लोकसभेवर गेले आणि सलग पाच वेळा निवडून आले. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला.

रेल्वेमंत्री म्हणून काय केले?

१९७७ मध्ये मंत्री होताच त्यांनी १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या. वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस धावली.

संगणकाची गरज का होती?

तेव्हा आरक्षण हाताने लिहिलेल्या वह्यांवर चाले. कोणत्या गाडीत किती जागा उरल्या, हे खिडकीमागच्या माणसालाच ठाऊक. त्यामुळे वशिला आणि चिरीमिरीला वाव मिळे. दुसरीकडे, यंत्र आले की नोकऱ्या जातील ही धास्ती कामगारांत होती. दंडवते यांनी संगणकीकरणाला चालना दिली; १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत ही व्यवस्था प्रत्यक्षात आली.

कोकण रेल्वेशी संबंध काय?

नाथ पै यांनी लावून धरलेली मागणी त्यांनी पुढे नेली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पुढच्याच वर्षी मात्र दंडवते राजापुरात हरले. रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला.

रस्त्याला काय फायदा?

१९९९ पासून कोलाड-वेर्णा दरम्यान मालाने भरलेले ट्रकच रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. तेवढे ट्रक मुंबई-गोवा महामार्गावरून कमी झाले.

काय उरले?

१२ नोव्हेंबर २००५ रोजी दंडवते यांचे निधन झाले. मालवण शहरात आजही रेल्वे नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून एसटी, रिक्षा गाठावी लागते. सणाचे आरक्षण काही मिनिटांत संपते. संगणकामुळे रिकाम्या जागांचा हिशेब सर्वांना दिसू लागला. जागा वाढवायच्या तर गाड्याच वाढवाव्या लागतात.